कडेचा खेळाडू

कोल्हापुरात फुटबॉलचे वेड फार जुने आहे. तेथे पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत, आणि ज्या दिवशी शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल त्या दिवशी संध्याकाळी शहरात दुसरा विषय निघत नाही. त्या गावात शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक म्हणून माझी हयात गेली. मी स्वतः खेळाडू नव्हतो. परंतु मुलांच्या संगतीने मलाही या खेळाची गोडी लागली. त्या काळात माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक मला एका मुलाने दाखवून दिली. तिचीच ही हकीकत आहे.

आमच्या शाळेचा संघ एका वर्षी आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. सामना अटीतटीचा झाला. खेळ संपण्यास थोडाच अवकाश उरला होता, तरी एकही गोल झाला नव्हता. तेवढ्यात आमच्या उजव्या कडेच्या खेळाडूपाशी चेंडू आला. हा मुलगा अंगाने किरकोळ, अबोल, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. फक्कीच्या पांढऱ्या रेघेला लागून तो जो धावत सुटला, तो दोघांना हुलकावणी देऊन थेट कोपऱ्याजवळ पोहोचला, आणि तेथून त्याने चेंडू गोलच्या तोंडाशी अचूक टाकला. आमचा मधला खेळाडू तेथे उभाच होता. त्याने पाय लावला आणि गोल झाला. आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी गोल करणाऱ्या मुलाला पुढे बोलावले, त्याची पाठ थोपटली आणि त्याच्या डोक्यावर फेटा बांधविला. सारी शाळा टाळ्या वाजवीत होती. तो कडेने धावणारा मुलगाही आपल्या रांगेच्या टोकाला उभा राहून टाळ्या वाजवीत होता. माझे तिकडे लक्ष गेले नाही.

मधल्या सुट्टीत गोल करणारा मुलगा फेटा हातात घेऊन माझ्या खोलीत आला. बराच वेळ तो काही बोलेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "सर, बॉल त्यानं आणला होता. मी नुसता पाय लावला."

मी काय बोलावे या विचारात पडलो. तो पुढे म्हणाला, "तो आता खेळायला येणार नाही म्हणतोय, सर. विंगला उभं राहून काय मिळतं, असं विचारतोय."

तो निघून गेला. फेटा माझ्या टेबलावर तसाच राहिला. 'कडेला उभे राहून काय मिळते?' या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. त्या रात्री एकाएकी मला माझ्या शाळेतील ड्रिल मास्तरांची आठवण झाली. पावसामुळे मैदानावर जाता आले नाही की ते आम्हांला खेळाडूंच्या गोष्टी सांगत. त्यांतील एक गोष्ट इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूज यांची होती. पुढे मी त्यांच्याविषयी पुष्कळ वाचले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांना जी हकीकत सांगितली, तीच आज तुम्हांला सांगतो.

प्रथम कडेच्या खेळाडूचे काम काय असते ते पाहू. गोलच्या समोर नेहमीच दाटी असते. प्रतिपक्षाचे रक्षक तेथे भिंतीसारखे उभे असतात. त्या भिंतीवर समोरून कितीही धडका मारल्या तरी ती सहसा फुटत नाही. म्हणून एक खेळाडू मैदानाच्या अगदी कडेला उभा राहतो. त्याच्याकडे चेंडू गेला की त्याला अडविण्यासाठी एक रक्षक भिंत सोडून बाहेर येतो. त्याला चुकविले की दुसरा येतो. भिंतीला भगदाड पडते, आणि नेमक्या त्या वेळी कडेचा खेळाडू चेंडू मध्यभागी टाकतो. गोल दुसरा कोणी करतो. वाट मात्र याने केलेली असते.

स्टॅन्ली मॅथ्यूज यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी इंग्लंडमधील हॅन्ली या गावी झाला. स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर ज्या सहा गावांचे मिळून बनले आहे, त्यांपैकी हे एक. चिनी मातीच्या भांड्यांसाठी हा सारा मुलूख प्रसिद्ध आहे. स्टॅन्लीचे वडील न्हावी होते. दुकान सांभाळून ते मुष्टियुद्धाचे सामनेही खेळत, आणि 'हॅन्लीचा लढवय्या न्हावी' म्हणून पंचक्रोशीत त्यांचा लौकिक होता. आपल्या मुलाने मुष्टियोद्धा व्हावे, असे त्यांना वाटे. मुलाचे मन मात्र चेंडूत गुंतले होते. घरामागच्या अंगणात तो स्वयंपाकघरातील खुर्च्या मांडून ठेवी आणि त्यांच्यामधून चेंडू नेण्याचा सराव तासन्‌तास करीत बसे. खुर्चीला चेंडू लागता कामा नये, हा त्याचा नियम. इंग्लंडच्या शालेय संघात निवड झाली तर फुटबॉल खेळण्यास माझी हरकत नाही, असे अखेर वडिलांनी सांगितले. चौदाव्या वर्षी, १९२९ साली, स्टॅन्ली त्या संघात खेळला. वडिलांनी शब्द पाळला. मुष्टियुद्धातील शिस्त मात्र त्यांनी मुलाला सोडू दिली नाही. पहाटे उठणे, व्यायाम आणि मिताहार या तीन सवयी त्याच्या अंगी लहानपणीच बाणल्या.

पंधराव्या वर्षी तो स्टोक सिटी या क्लबच्या कचेरीत आठवड्याला १ पौंड पगारावर पोऱ्या म्हणून लागला. सतराव्या वाढदिवशी, १९३२ साली, त्याने व्यावसायिक खेळाडू म्हणून करारावर सही केली आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात तो आपला पहिला लीग सामना खेळला. व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याचे पोट खेळावर चालते तो. आज अशा खेळाडूंना मिळणारे पैसे पाहून डोळे दिपतात. त्या काळी तसे नव्हते. खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार द्यावयाचा याची मर्यादा इंग्लंडमध्ये ठरवून दिलेली होती. ही मर्यादा १९६१ साली उठली, आणि तोपर्यंत ती आठवड्याला अवघ्या २० पौंडांपर्यंत पोहोचली होती. ज्यांचा खेळ पाहण्यासाठी तिकिटांकरिता रांगा लागत, त्या मॅथ्यूज यांनाही हाच नियम लागू होता.

एकोणिसाव्या वर्षी, १९३४ साली, ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातर्फे वेल्सविरुद्ध खेळले आणि त्या पहिल्याच सामन्यात त्यांनी एक गोल केला. उजव्या कडेला ७ क्रमांकाचा सदरा घालून ते उभे राहिले की समोरच्या रक्षकाच्या पोटात गोळा येई. त्यांची युक्ती सर्वांना ठाऊक होती. ते चेंडू पायाशी ठेवून संथपणे रक्षकाच्या अगदी जवळ जात. मग डावीकडे झुकत. रक्षक तिकडे कलला, की उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू ढकलून ते उजवीकडून निसटत. पहिली दहा-बारा पावले ते अशा वेगाने टाकीत की रक्षकाला वळण्यासही अवधी मिळत नसे. तीच युक्ती ते वर्षानुवर्षे करीत, आणि ती ठाऊक असूनही रक्षक वर्षानुवर्षे फसत. लोक त्यांना चेंडूचे जादूगार म्हणत. पण ही जादू घरामागच्या अंगणात खुर्च्यांच्या संगतीत सिद्ध झाली होती.

गावाचे त्यांच्यावर किती प्रेम होते, याचा एक दाखला आहे. १९३८ साली त्यांनी क्लब सोडण्याची इच्छा व्यक्त केली. ही वार्ता पसरताच निषेधाची सभा भरली. सभागृहात सुमारे ३,००० माणसे जमली आणि बाहेरही पुष्कळ उभी राहिली. मॅथ्यूज यांनी आपला बेत रहित केला. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. खेळाडूच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची वर्षे, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतची, युद्धात गेली. त्या काळात ते विमानदलात होते.

युद्ध संपल्यावर १९४७ साली ते ब्लॅकपूल या क्लबकडे गेले. त्यांच्याबद्दल ब्लॅकपूलने स्टोकला ११,५०० पौंड दिले. वय बत्तीस झाले होते. या वयात बहुतेक खेळाडूंची उतरण लागलेली असते. आता हे फार तर आणखी दोन वर्षे खेळतील, असा पुष्कळांचा कयास होता. ते आणखी अठरा वर्षे खेळले!

मात्र एक गोष्ट त्यांच्या हाती लागत नव्हती. एफ. ए. चषक ही इंग्लंडमधील सर्वांत जुनी स्पर्धा. तिच्या विजेत्यांना मिळणारे पदक आपल्याला मिळावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १९४८ साली ब्लॅकपूल अंतिम सामन्यात पोहोचले आणि मँचेस्टर युनायटेडकडून ४–२ असे हरले. १९५१ साली पुन्हा पोहोचले आणि न्यूकॅसल युनायटेडकडून २–० असे हरले. १९५३ साली तिसरी संधी आली तेव्हा मॅथ्यूज अडतीस वर्षांचे होते. चौथी संधी मिळेल, असे कोणालाच वाटत नव्हते.

तो सामना २ मे १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झाला. एक लाख प्रेक्षक आले होते. नव्या राणीसाहेब एलिझाबेथ याही उपस्थित होत्या. प्रतिपक्ष होता बोल्टन वाँडरर्स. दोन मिनिटे होण्यापूर्वीच बोल्टनने पहिला गोल केला. मध्यंतराला बोल्टन २–१ असे पुढे होते. मध्यंतरानंतर ते ३–१ झाले. खेळ संपण्यास पस्तीस मिनिटे उरली होती आणि ब्लॅकपूल दोन गोलांनी मागे होते.

मग चेंडू पुन्हा पुन्हा उजव्या कडेला येऊ लागला. मॅथ्यूज यांच्या समोरच्या बाजूला बोल्टनचे दोन खेळाडू जायबंदी झाले होते. एकाचा स्नायू दुखावला होता, दुसऱ्याच्या पायात गोळे येत होते. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. ही गोष्ट सांगितल्यावाचून त्या विजयाचे वर्णन प्रामाणिक होणार नाही. परंतु समोरची भिंत कोठे कमकुवत आहे हे ओळखून तेथेच घाव घालणे, हाही खेळच होय. अडुसष्टाव्या मिनिटाला मॅथ्यूज यांनी कडेवरून उंच टाकलेल्या चेंडूवर स्टॅन मॉर्टेन्सन यांनी गोल केला. ३–२. शेवटचे मिनिट उगवले. मॉर्टेन्सन यांनी एका फ्री किकवर चेंडू सरळ जाळ्यात धाडला. ३–३. आणि त्यानंतर, नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर, चेंडू पुन्हा मॅथ्यूज यांच्याकडे आला. त्यांनी रक्षकाला चुकविले, गोलरेषेच्या जवळ गेले आणि तोल जाता जाता चेंडू मागे लोटला. बिल पेरी यांनी तो जाळ्यात मारला. ४–३! पेरी हे डाव्या कडेचे खेळाडू. उजव्या कडेने दिलेला चेंडू डाव्या कडेने घेतला आणि चषक जिंकला.

मॅथ्यूज यांनी त्या दिवशी एकही गोल केला नव्हता. मॉर्टेन्सन यांनी तीन केले होते. वेम्ब्लीवरील या चषकाच्या अंतिम सामन्यात तीन गोल करणारे ते पहिलेच. तरीही लोकांनी त्या सामन्याला 'मॅथ्यूज यांचा अंतिम सामना' असे नाव दिले, आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो. मुलांनो, पाहा, येथे सारे उलटे घडले. आमच्या शाळेत गोल करणाऱ्याला सगळा मान मिळाला आणि चेंडू देणारा विसरला गेला. तेथे चेंडू देणाऱ्याला मान मिळाला आणि तीन गोल करणारा मागे पडला. जगाची वाहवा अशी आंधळी असते. ती एकाच्याच गळ्यात माळ घालते. परंतु मॅथ्यूज यांनी त्या नावाचा कधी अभिमान मिरविला नाही. खरा मान मॉर्टेन्सन यांचा आहे, असे ते सांगत राहिले. मैदानावर चेंडू जसा ते दुसऱ्याच्या पायाशी देत, तसाच मैदानाबाहेर मानही देत.

त्यांच्या गोलांची संख्या पाहिली तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. जवळजवळ ७०० लीग सामने ते खेळले. त्यांत त्यांचे गोल ७१. ब्लॅकपूलकडून चौदा वर्षे खेळले, पण लीगमध्ये त्यांचे गोल वीससुद्धा भरले नाहीत. नुसत्या आकड्यांवरून कोणी निवड करू लागला, तर असा खेळाडू संघाबाहेरच राहावयाचा. परंतु १९५६ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूला देण्याचा 'बॅलन डी'ऑर' हा मान प्रथमच जाहीर झाला, तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांच्या मॅथ्यूज यांना मिळाला. पुढच्या वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते इंग्लंडतर्फे अखेरचा सामना खेळले.

१९६१ साली ते आपल्या जुन्या स्टोक सिटीकडे परतले. वय सेहेचाळीस. स्टोक तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरले होते आणि प्रेक्षकांनी पाठ फिरविली होती. ते येण्यापूर्वीच्या घरच्या सामन्याला सुमारे ८,४०० लोक आले होते. ते आले त्या सामन्याला जवळजवळ ३६,००० आले. १९६३ साली स्टोक पहिल्या श्रेणीत परत गेले. ज्या सामन्यात हे निश्चित झाले, त्यात मॅथ्यूज यांनी स्वतः गोल केला. त्या हंगामातील त्यांचा तो एकुलता एक गोल होता. १९६५ च्या नववर्षदिनी त्यांना 'सर' ही पदवी जाहीर झाली. ६ फेब्रुवारी १९६५ रोजी, पन्नास वर्षे आणि पाच दिवसांचे असताना, ते पहिल्या श्रेणीतील आपला शेवटचा सामना खेळले. इतक्या दीर्घ कारकिर्दीत पंचांनी त्यांना एकदाही ताकीद दिली नाही. रक्षक त्यांना पाडीत, त्यांच्या पायांवर लाथा मारीत. ते उठत आणि पुन्हा चेंडू मागत. पाडणाऱ्याला त्यांचे उत्तर एकच असे. पुढच्या खेपेस ते त्याला चुकवून जात.

खेळ संपला तरी चेंडू देणे संपले नाही. वर्षानुवर्षे उन्हाळ्यात ते आफ्रिकेत जाऊन मुलांना फुटबॉल शिकवीत. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे क्रूर कायदे होते. तेथील सोवेटो या काळ्या लोकांच्या वस्तीत त्यांनी शाळकरी मुलांचा एक संघ उभा केला. तो 'स्टॅनची माणसे' या नावाने ओळखला जाई. १९७५ साली ते त्या मुलांना ब्राझीलला घेऊन गेले. ज्या मुलांना स्वतःच्या देशातही मोकळेपणाने फिरता येत नव्हते, त्यांनी समुद्रापलीकडचा देश पाहिला. जगाने ज्यांना कडेला लोटले होते, त्यांच्याकडे कडेच्या या खेळाडूचे लक्ष गेले.

२३ फेब्रुवारी २००० रोजी मॅथ्यूज यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी रस्त्यांच्या दुतर्फा लाखाहून अधिक माणसे उभी होती. त्यांची रक्षा स्टोकच्या मैदानात मधल्या वर्तुळाखाली पुरण्यात आली आहे. जन्मभर जो कडेने धावला, त्याला लोकांनी मैदानाच्या मध्यभागी जागा दिली.

एवढे सांगून मी थांबलो. मग गोल करणाऱ्या मुलाला पुढे बोलाविले आणि टेबलावरचा फेटा त्याच्या हाती दिला. "हा कोणाचा, ते तूच ठरव," असे मी म्हणालो. तो सरळ रांगेच्या टोकाकडे गेला आणि त्याने तो त्या अबोल मुलाच्या डोक्यावर ठेवला. फेटा मोठा होता. तो घसरून त्याच्या कानांवर आला. सारी मुले हसली. तोही हसला. मग मी सर्वांसमोर म्हणालो, "काल माझी चूक झाली. मी गोल पाहिला, पण चेंडू कोठून आला ते पाहिले नाही."

शिक्षकाने भर प्रार्थनासभेत चूक कबूल करावी की नाही, याविषयी त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दोन मते पडली. मी त्या वादात शिरलो नाही. संध्याकाळी मैदानाकडे फेरी मारली, तेव्हा फक्कीच्या रेघेजवळ तो मुलगा उभा होता आणि हात वर करून चेंडू मागत होता.

त्याला आता बरीच वर्षे झाली. आजही मी सामना पाहावयास जातो. गोल झाला की सारे लोक गोल करणाऱ्याकडे पाहून ओरडतात. मी मात्र उलट दिशेने पाहतो. चेंडू ज्याच्या पायातून आला तो खेळाडू कोठे आहे, हे शोधतो. तो बहुधा कडेलाच असतो, आणि गुडघ्यांवर हात टेकून दम खात असतो.